पाणी कधी चढलं?

"पाणी कधी चढलं, बाई?"

शर्वरी कोष्टी टेबल पुसत होती. तिचा हात थांबला.

नुकताच खेळ संपला होता. साठ पोरं टाळ्या वाजवून, चपला शोधत, एकमेकांना ढकलत बाहेर पडली होती. ताटलीत निळं पाणी होतं. मधोमध विझलेली मेणबत्ती, तिच्यावर उपडा काचेचा पेला. पेल्यात पाणी बोटभर वर चढून बसलं होतं.

"मेणबत्ती जळते. आतला ऑक्सिजन खर्च होतो. त्याची जागा पाणी घेतं," शर्वरी म्हणाली.

"ते झालं ‘का’चं उत्तर. मी ‘कधी’ विचारलं."

"जळताना."

"बघितलंत?"

"रोज तीन वेळा बघते, चाचा."

"रोज तीन वेळा दाखवता," दस्तगीर मिस्त्री म्हणाले. गुडघ्यावर हात टेकून उठले, टोपी झटकली आणि निघून गेले.

शर्वरीने फडकं बादलीत आपटलं.

एम.एस्सी. झालेली मुलगी. विद्यापीठात दुसरी आलेली. कॉलेजातली तासिकेवरची नोकरी सोडून ती या विज्ञान संग्रहालयात आली होती. आणि इथे तिची परीक्षा कोण घेत होतं? चौथी शिकलेला माणूस.

पण त्या माणसाशिवाय इथे पान हलत नव्हतं.

जिल्ह्याच्या गावाबाहेर, बंद पडलेल्या सूतगिरणीच्या जागेत हे संग्रहालय उभं राहिलं, तेव्हा दस्तगीर मिस्त्री लेथवर काम करायला आले. लंबक त्यांनी टांगला. आरसे त्यांनी बसवले. चढावरून वर जाणारं लाकडी चाक त्यांनी तासलं. पुढे निवृत्त झाले, तरी येत राहिले. आणि त्यांच्या येण्याबरोबर एक रीत पडून गेली.

नवा माणूस तीन महिने पोरांना प्रयोग दाखवायचा. मिस्त्री पोरांमध्ये, शेवटच्या रांगेत, जमिनीवर मांडी घालून बसायचे. खेळ संपला की एकच प्रश्न विचारायचे. तीन महिने तोच. शेवटी संग्रहालयाचे प्रमुख देशमाने साहेब त्यांना विचारायचे, "ठेवायचा का?" मिस्त्री म्हणतील ते खरं.

शर्वरीच्या आधी दोघे आले होते. दोघेही गेले.

तिचे तीन महिने शनिवारी भरणार होते. आज बुधवार होता.

तिकीट खिडकीवरच्या सुमनताई पहिल्याच आठवड्यात डबा उघडता उघडता म्हणाल्या होत्या, "तुला माहीत नाही होय? मिस्त्रींचा पुतण्या डिप्लोमा होऊन घरी बसलाय."

"मग?"

"मग काही नाही. मी आपलं सांगितलं. लोणचं घे."

शर्वरीच्या मनात पाल चुकचुकली होती.

त्या दिवसापासून ती मिस्त्रींवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवू लागली. आणि जितकं बघावं तितकं काळंबेरं दिसू लागलं.

हा माणूस कशावरच विश्वास ठेवत नसे. भांडारातून नवी पट्टी आली, की ती जुन्या दोन पट्ट्यांना लावून बघे. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले, की मनगटावरच्या घड्याळात बघे, मग दारात जाऊन सावली बघे. चहा गोड आहे म्हटलं, तर आधी एक घोट घेऊन म्हणे, "हां... आहे."

"चाचा, उद्या सूर्य उगवेल का?" सुमनताईंनी एकदा चिडवलं होतं.

"आजपर्यंत तरी उगवलाय," मिस्त्री म्हणाले होते.

गुरुवारी सकाळी शर्वरीने तिची पेटी उघडली. पेटीत ती रोज एक मेणबत्ती, एक काडेपेटी, शाईची बाटली आणि पेला ठेवायची. आज मेणबत्त्या तीन होत्या. सारख्या उंचीच्या. नीट कापलेल्या.

तिने एकेक उचलून बघितली. वास घेतला. नखाने मेण खरवडलं. वात ओढून बघितली. एकीतही काही सापडलं नाही. त्यामुळे तिचा संशय आणखी वाढला.

ती तडक मिस्त्रींच्या कोपऱ्यात गेली. ते कानस घेऊन बसले होते.

"माझ्या पेटीला कोणी हात लावला?"

"मी."

इतकं सरळ उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं.

"कशासाठी?"

"दोन मेणबत्त्या ठेवायच्या होत्या."

"मला एकच लागते."

"हां. तुम्हाला एकच लागते."

"शनिवारी माझा प्रयोग बिघडावा असं वाटतंय का कुणाला?"

मिस्त्रींनी कानशीवर फुंकर मारली. लोखंडाची धूळ उडाली.

"बिघडलेला प्रयोग बघितलाय का कधी, बाई?"

"माझा बिघडत नाही."

"हं... तेच म्हणतो मी."

शर्वरीची कानशिलं तापली. ती तशीच देशमाने साहेबांच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या तक्रार केली. साहित्याला न विचारता हात लावतात. तीन महिने एकच प्रश्न विचारून हिणवतात. पुतण्याचं मात्र तिने तोंडातून काढलं नाही. ते फक्त मनात ठेवलं.

देशमाने साहेबांनी चष्मा काढला. मिस्त्री त्यांच्याही आधीपासून इथे होते.

"मॅडम, शनिवारी मी स्वतः येऊन बसतो. तुमचा खेळ बघतो. मग त्यांचं ऐकायचं की तुमचं, ते ठरवू."

म्हणजे आता एक तर ती राहणार होती, नाही तर मिस्त्रींचा शब्द.

शुक्रवारी तिने घरून कुलूप आणलं आणि पेटीला लावलं. दोन जास्तीच्या मेणबत्त्या तिने टाकून दिल्या नाहीत. पुरावा म्हणून आत तशाच ठेवल्या.

मिस्त्रींनी जाता जाता कुलूप ओढून बघितलं.

"मजबूत आहे," ते म्हणाले.

शनिवारी अकरा वाजता एका खेड्यातली शाळा आली. सहावीचा वर्ग. पोरं एस.टी.ने येऊन आधीच धुळीने माखली होती. त्यांचे सर काठी नसलेल्या हातानेही काठी असल्यासारखे हातवारे करत होते. "मांडी! मांडी घाला! तोंडावर बोट!"

देशमाने साहेब खुर्चीवर बसले. मिस्त्री शेवटच्या रांगेत, दोन पोरांच्या मधे, जमिनीवर.

शर्वरीने कुलूप काढलं. ताटलीत एक मेणबत्ती उभी केली. पाण्यात शाई टाकली. मागे फळ्यावर तिने आधीच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: हवेचा पाचवा भाग ऑक्सिजन.

"मेणबत्तीला जळायला काय लागतं?"

"ऑक्सिजन!" पोरं ओरडली.

"शाब्बास! आता ही मेणबत्ती मी पेल्याखाली कोंडणार. ती आतला ऑक्सिजन खाणार. खाऊन टाकला की तिथली जागा रिकामी. आणि रिकाम्या जागेत कोण शिरणार?"

"पाणी!"

तिने पेला उपडा ठेवला आणि पोरांकडे वळली. दोन्ही हात वर नेले. आवाज चढवत नेला. "खातेय... खातेय... खातेय... आणि संपला!" हात खाली आले. मागे ज्योत विझली होती. पाणी चढलं होतं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. खेड्यातले सरही टाळ्या वाजवत होते. देशमाने साहेबांनी मान डोलावली.

शर्वरीने शेवटच्या रांगेकडे बघितलं.

मिस्त्रींनी करंगळी वर केली नव्हती. तर्जनी वर केली होती. शाळेतल्या पोरासारखी.

"बाई, एक विचारू?"

पोरं खिदळली. म्हाताराही आपल्यासारखाच प्रश्न विचारतोय.

"पाणी कधी चढलं?"

शर्वरीचा चेहरा लाल झाला. साहेबांसमोर! साठ पोरांसमोर! हाच डाव होता तर. पण उत्तर तिच्याकडे तयार होतं.

"जळताना."

"नाय मॅडम," पुढच्या रांगेतली एक पोरगी म्हणाली. तिच्या एका वेणीची रिबीन सुटली होती. "विझल्यावर."

"हॅट! जळतानाच," तिच्या शेजारचा पोरगा म्हणाला.

"तू कुठं बघत होतास? तू मॅडमच्या हाताकडं बघत होतास."

"आधी बुडबुडे आले," तिसरा कोणी तरी म्हणाला. "पेल्याच्या खालून. बुडुक बुडुक."

"बुडबुडे?" शर्वरीने विचारलं.

"हां मॅडम. बाहेर आले. मंग विझली. मंग पाणी."

"नाय, मंग पाणी, मंग विझली!"

"शिस्त! शिस्त!" खेड्यातले सर उठले. "पुस्तकात काय लिहिलंय? मॅडमनी काय सांगितलं? ऑक्सिजन! बस्स."

देशमाने साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. "मॅडम, पुढचा प्रयोग घ्या."

वाट मोकळी होती. पुढचा प्रयोग चुंबकाचा होता. तो कधी फसत नसे. तो घेतला की टाळ्या. टाळ्या वाजल्या की साहेब तिच्या बाजूचे.

तिने मिस्त्रींकडे बघितलं. हसत असतील, तर त्यांना तोंडावर बोलायचं असं तिने ठरवलं होतं.

ते हसत नव्हते. ते बोट अजून वरच धरून बसले होते.

बुडबुडे... तीन महिने. रोज तीन खेळ. तिने एकही बुडबुडा बघितला नव्हता.

ती बघत कुठे होती? पेला ठेवला की ती पोरांकडे वळायची. हात वर, आवाज वर, टाळ्या. मग मागे वळायची, तोवर पाणी चढून बसलेलं असायचं.

हॉलमध्ये गलका चालला होता. तिने टेबलावर हात ठेवला.

"मी बघितलं नाही," ती म्हणाली.

गलका थांबला.

"काय?" खेड्यातले सर म्हणाले.

"पाणी कधी चढतं, ते मी बघितलेलं नाही."

देशमाने साहेबांनी चष्मा सावरला. पोरांनी एकमेकांकडे बघितलं. मोठ्या माणसाने असं काही म्हटलेलं त्यांनी ऐकलं नसावं.

शर्वरीने पेला उचलला, पुसला. मेणबत्ती पुन्हा पेटवली. पेला उपडा ठेवला.

आणि ती टेबलाच्या पुढे आली. पोरांकडे पाठ केली. वाकली. हनुवटी टेबलाला टेकवली आणि डोळे ताटलीच्या पातळीला आणले.

प्रयोग दाखवणाऱ्याने लोकांकडे पाठ करू नये, हा इथला पहिला नियम. भिंतीवर लिहिलेला.

"मॅडम, डोकं काढा, दिसत नाय!"

"मग इकडे या."

साठ पोरं उठली. खेड्यातल्या सरांचे हातवारे हवेत राहिले. टेबलाभोवती डोक्याला डोकं लागलं.

बुडुक. एक बुडबुडा. बुडुक, बुडुक. आणखी दोन. ज्योत लहान झाली. पाणी जागच्या जागी होतं. ज्योत निळी झाली, थरथरली...

विझली.

धुराची एक रेघ वर गेली. क्षणभर काहीच झालं नाही.

मग पाणी चढलं. सरसर, कोणी तरी आतून ओढून घ्यावं तसं.

"विझल्यावर!" रिबीनवाली पोरगी ओरडली. "बघितलं? विझल्यावर!"

"मग बुडबुडे कसले?" शेजारच्या पोराला हार मानायची नव्हती. "काय तरी बाहेर गेलं ना? हवाच गेली असणार."

शर्वरी सरळ उभी राहिली. मग तिने पेटी ओढली. पुरावा म्हणून ठेवलेल्या दोन मेणबत्त्या बाहेर काढल्या आणि पहिलीच्या शेजारी ताटलीत चिकटवल्या.

तीन मेणबत्त्या. ताटली तीच. पाणी तेवढंच. पेला तोच.

"आता किती चढेल?" तिने विचारलं. हा प्रश्न तिच्या पाठांतरात नव्हता.

"तेवढंच!" सर म्हणाले. "पेल्यातली हवा तेवढीच, ऑक्सिजन तेवढाच. पाचवा भाग."

"तेवढंच," शर्वरीही म्हणाली. तिच्या फळ्यावरही तेच होतं.

बुडबुडे या वेळी पुष्कळ आले. तिन्ही ज्योती एकापाठोपाठ एक विझल्या.

पाणी चढलं. बोटभर चढलं, आणि थांबलं नाही. दोन बोटं चढलं. त्याच्याही वर गेलं.

कोणी टाळी वाजवली नाही.

"मॅडम," रिबीनवाली हळूच म्हणाली, "ऑक्सिजन तर तेवढाच होता ना?"

"हो."

"मग?"

"मला माहीत नाही."

तिने डस्टर घेतलं आणि फळा पुसला.

"अहो, पण परीक्षेत काय लिहायचं त्यांनी?" सर म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. गेली अठरा वर्षं ते हेच शिकवत आले होते.

घंटा झाली. चुंबक राहिला, आरसे राहिले. पोरं बाहेर पडली, ती भांडतच. "चार लावल्या तर?" "बुडबुडे मोजायला पायजे होते." "ह्या, मेणबत्ती विझूच द्यायची नाय." दूरवर एस.टी. सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हाही भांडण चाललेलंच होतं.

हॉलमध्ये तिघे उरले.

"मॅडम," देशमाने साहेब म्हणाले, "दोन प्रयोग राहून गेले. पोरांकडे पाठ केलीत. शेवटी एक टाळी नाही. आणि पाहुण्यांना सांगितलंत काय, तर मला माहीत नाही!"

"हो, सर."

"तक्रार तुमचीच होती. मी तुमच्या बाजूने कौल द्यायला बसलो होतो."

शर्वरीला कळून चुकलं होतं. रविवार, सोमवार सुट्टी. मंगळवारपासून तिला यायचं नव्हतं. पुतण्या येईल, नाही तर आणखी कोणी येईल.

साहेब मिस्त्रींकडे वळले. "तुमचं काय म्हणणं?"

मिस्त्री उठायच्या प्रयत्नात होते. पाय आखडला होता.

"ठेवा," ते म्हणाले.

"कुणाला?"

"बाईंना."

"अहो मिस्त्री, उत्तर देता आलं नाही त्यांना!"

"आधीच्या दोघांनी दिली होती की उत्तरं, साहेब."

देशमाने साहेबांनी टेबलावरच्या पेल्याकडे बघितलं, मग पुसलेल्या फळ्याकडे. चष्मा काढला, घातला आणि बाहेर गेले. दाराशी थांबून म्हणाले, "मंगळवारी दहाला कन्याशाळा आहे, मॅडम. वेळेवर या."

शर्वरी स्टुलावर बसली.

मिस्त्री लंगडत टेबलापर्यंत आले. त्यांनी विझलेल्या मेणबत्त्या एकेक करून ताटलीतून सोडवल्या. बोटांना निळी शाई लागली.

"चाचा."

"हं."

"तुमच्या पुतण्याला इथे लावायचंय, असं मला वाटलं होतं."

"तो दुबईला गेला. आषाढातच."

"सुमनताई म्हणाल्या घरी बसलाय."

"सुमनला विचारलंत. मला नाही विचारलंत."

ती खाली बघत राहिली. बाहेर माळी पाइप ओढत होता, त्याचा खरखर आवाज येत होता.

"मी मेणबत्त्यांचा वास घेतला होता," ती म्हणाली. "नखाने खरवडून बघितल्या."

"नखांच्या खुणा दिसल्या."

"कुलूप लावलं."

"मजबूत होतं."

तिला हसू आलं, आणि रडूही. तिने ओढणीने डोळे पुसले. मग तिने मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने त्यांच्याकडे सरळ बघितलं. म्हातारा, शाईने निळी झालेली बोटं, तिरकी टोपी. या माणसाला सगळं ठाऊक आहे, असं तिला वाटलं.

"चाचा, पाया पडते. तुम्ही म्हणाल ते मी खरं मानीन. आता तरी सांगा... पाणी का चढतं?"

मिस्त्रींनी तिच्याकडे बघितलं. मग ताटलीकडे. मग पुन्हा तिच्याकडे.

तिन्ही मेणबत्त्या त्यांनी तिच्या पुढ्यात ठेवल्या. काडेपेटी त्यांच्यावर ठेवली.

"तीन महिने माझ्यावर संशय घेतलात, बाई... आज एकदम विश्वास कशाला?"